ग्लट

बुधवार, संध्याकाळचे सात. ईव्हशॅमचं वाचनालय.
लहान मुलांच्या पुस्तकांच्या मांडणीमागे सहा खुर्च्या,
आणि सुकत आलेल्या मार्करनं ग्लेनिसबाईंनी
फळ्यावर लिहिलेला एकच शब्द :
ग्लट.
म्हणून पाहा, त्या म्हणाल्या.
सगळ्यांनी म्हणून पाहिला.
खोलीभर आवंढ्यासारखा आवाज झाला,
अर्ध्यात अडकलेल्या.

'मुळात अर्थ गिळणं.
आता अर्थ असा, की बाजाराच्या घशाखाली
आणखी उतरत नाही.'

बाहेर ऑगस्ट.
नदीकाठच्या बागांत फांद्यांना लाकडी टेकू दिलेत
तरी दोन मोडल्याच काल रात्री, आलुबुखारांच्या भारानं.
चर्चच्या पायरीवर, बसथांब्याच्या बाकावर,
दवाखान्याच्या खिडकीत पिशव्याच पिशव्या :
घेऊन जा. पैसे नकोत.
कुणी नेत नाही.
गांधीलमाश्या तेवढ्या हक्कानं येऊन-जाऊन असतात.

वाक्यात उपयोग करा.

दाइवा उठून उभी राहते. उभं राहायची गरज नसते,
बाईंनी तीनदा सांगितलंय.
बोटांची पेरं जांभळी, साबणाला न जुमानणारी.
'यंदा आलुबुखारांचा ग्लट आहे.'
बरोबर.
'म्हणून मालकानं पेटीमागे वीस पेन्स कमी केले.'
हेही बरोबर.
म्हणजे, व्याकरणाच्या दृष्टीनं.

'आनंदाचा ग्लट?' स्टॉयान विचारतो.
तसं म्हणत नाहीत.
'उन्हाचा?'
इथं? कुणी म्हणालेलं ऐकलं नाही.
'झोपेचा?'
पहाटे चारला उठणारी सहाच्या सहा माणसं
खुर्च्या करकरेपर्यंत हसतात.

'ज्याला भाव असतो आणि तो पडतो,
त्यालाच लागतो हा शब्द,' बाई समजावतात.
'दूध. तेल. बटाटे. कधी कधी घरं.'
स्टॉयान लिहून घेतो. घरं या शब्दाखाली रेघ ओढतो.
मग मान वर न करता,
'मॅडम, माणसांचा?'

मार्करचं टोपण सापडत नाही बाईंना.
कालच्याच पेपरात होतं, पान नऊ : मजुरांचा ग्लट.
कप ठेवला होता त्यांनी त्यावर,
आणि चहाचा गोल डाग पडला होता
नेमका मथळ्याभोवती,
जणू कुणी चूक दाखवावी तसा.
चालतं, असं त्या म्हणणार होत्या.
म्हणाल्या, 'परीक्षेत येणार नाही.'

मग बराच वेळ कुणी काही विचारलं नाही.

'माझ्या आईला याच्या उलटा शब्द येत होता,'
दाइवा म्हणाली, या वेळी बसूनच.
'रांग दिसली की उभं राहायचं.
कशाची, ते पुढं पोचल्यावर कळायचं.
एकदा तीन तासांनी बूट मिळाले.
दोन्ही डाव्या पायाचे.
तिनं घेतले.
एक मुलगी होती दोन घरं सोडून, तिच्याकडे दोन्ही उजवे असतील
म्हणून वर्षभर विचारत फिरली.
त्याला इंग्रजीत काय म्हणतात?'

त्याला इंग्रजीत काही म्हणत नाहीत.

आठ वाजता खुर्च्या एकात एक रचून झाल्या.
जाताना स्टॉयाननं टेबलावर पिशवी ठेवली, काही न बोलता,
आणि बाईंनी ती घेतली,
ओसरीत आधीच्या चार असताना,
फ्रीजर भरलेला असताना,
डेरिकच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या डकवलेल्या
जॅमच्या सतरा बरण्या
गेली तीन वर्षं कुणी उघडत नसताना.
थँक्यू म्हणाल्या. दोनदा.

घरी येऊन, कोट न काढता, सिंकवर वाकून
त्यांनी एक खाल्ला.
रस मनगटापर्यंत ओघळला, घड्याळाच्या पट्ट्याखाली.
गोड होता. चांगलाच गोड.
आपला भाव पडलाय
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बी हातात धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या.
मग दुसरा घेतला.